चक्री इंजिनाची पुनर्बांधणी व स्वनिर्मित विमानाचे सुटे भाग

विमानविद्येत ‘चक्री इंजिन’ ही संज्ञा दोन भिन्न यंत्रांना लावली जाते. म्हणून प्रारंभीच त्यांतील भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातील ‘नोम’ व ‘ल रोन’ या फ्रेंच इंजिनांत क्रँकशाफ्ट स्थिर असे आणि सिलिंडरांचा सर्व संच पंख्यासह तिच्याभोवती फिरे. दुसरे यंत्र म्हणजे फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून निघालेले व १९५७ साली जर्मनीत एन. एस. यू. कंपनीत प्रथम चाललेले इंजिन होय. हौशी विमाननिर्माते मोटारीतून काढलेले, बहुधा माझ्दा कंपनीचे, हेच दुसरे इंजिन वापरतात. प्रस्तुत विवेचन त्यासंबंधी आहे.

या इंजिनात पिस्टन व झडपा नसतात. त्रिकोणी घूर्णक उत्केंद्र दंडावर फिरतो आणि त्याची तीन टोके कवचाच्या आतील पृष्ठभागाला सतत घासत राहतात. दंडाचे तीन फेरे होतात तेव्हा घूर्णकाचा एक फेरा पुरा होतो. घूर्णकाच्या तीन बाजू असल्याने दंडाच्या प्रत्येक फेऱ्यास एक शक्तिघात मिळतो. माझ्दाच्या ‘१३-बी’ इंजिनात घूर्णकाची त्रिज्या १०५ मि.मी., उत्केंद्रता १५ मि.मी. व रुंदी ८० मि.मी. आहे. या तिहींच्या गुणाकारास ३√३ ने गुणिले असता एका कक्षाचे घनफळ ६५४ घन सें.मी.हून किंचित अधिक येते.

पुनर्बांधणीतील खरी कसोटी सीलांची असते. टोकावरील सील झिजले की वायू एका कक्षातून दुसऱ्यात शिरतो व दाब घटतो. शिवाय ज्वलन नेहमी कवचाच्या एकाच बाजूस होत असल्याने ती बाजू तप्त, तर आदानाची बाजू शीत राहते. या विषम तापामुळे कवच वाकू शकते आणि पाणी अडविणारी रबरी कडी निकामी होतात. म्हणून प्रत्येक पृष्ठभाग सरळपट्टी व फीलर गेजने तपासावा लागतो. जुळणीनंतर दंडाची अक्षीय ढिलाई डायल गेजने मोजतात, ती ०.०४ ते ०.०७ मि.मी. असावी लागते.

हे इंजिन मिनिटास सुमारे ६,००० फेऱ्यांवर भरीव शक्ती देते. परंतु १.८ मीटर व्यासाचा पंखा त्या वेगाने थेट फिरविल्यास त्याच्या टोकाचा वेग सेकंदास ५६५ मीटर होईल, म्हणजे ध्वनीच्या वेगाहून कितीतरी अधिक. यास्तव मध्ये वेग घटविणारी दंतचक्रे बसवावी लागतात. २.२ गुणोत्तर घेतल्यास टोकाचा वेग २५७ मीटरवर येतो. ही दंतचक्रे, इंजिनाची बैठक व जोडपट्ट्या मोटारीत नसतात. त्या नव्याने घडवाव्या लागतात.

असे भाग घडविण्याचे कसब पिंपरी-चिंचवड परिसरात दुर्मीळ नाही. चिखली, तळवडे व भोसरी या पट्ट्यात मोटारधंद्यास सुटे भाग पुरविणारे लहान कारखाने दाटीने आहेत. प्रश्न कसबाचा नसून धातूच्या ओळखीचा आहे. चिखलीतील कुदळवाडी भंगाराच्या गोदामांसाठी प्रसिद्ध होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने तेथील अनधिकृत बांधकामे पाडली. भंगारातील ॲल्युमिनियमचा पत्रा डोळ्यांना चांगल्या पत्र्यासारखाच दिसतो. परंतु ६०६१ हाच मिश्रधातू टी-६ संस्कारित असता सुमारे २७५ मेगापास्कल ताणापर्यंत टिकतो, तर मऊ अवस्थेत सुमारे ५५ मेगापास्कललाच कायमचा वाकतो. मोटारीचा भाग तुटल्यास गाडी रस्त्याकडेला थांबते. विमानास ती सोय नाही. म्हणून भागाइतकाच त्याच्या धातूचा दाखला महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्रातील कॅप्टन अमोल यादव यांच्या उदाहरणावरून हीच गोष्ट ध्यानात येते. मुंबईत कांदिवली येथे घराच्या गच्चीवर त्यांनी बांधलेले सहा आसनी विमान २०१६ साली प्रदर्शनात मांडले गेले. त्याची नोंदणी २०१७ साली व उड्डाणाची परवानगी २०१९ साली मिळाली. यंत्र उभे राहणे आणि ते उडविण्यास योग्य ठरणे या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी कारागिराच्या हाताने चढता येते. दुसरीसाठी प्रत्येक मोजमापाची लेखी नोंद लागते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने या दोहोंचा अभ्यास एकत्रच करणे इष्ट होय.