लग्नसमारंभातला खर्ज
गोव्यातील ख्रिस्ती लग्नांत बँडचा बास गिटारवादक सहसा मागे, ड्रमच्या शेजारी उभा असतो आणि पाहुण्यांचे लक्ष गायकाकडे असले, तरी नाचणाऱ्यांची पावले बहुधा बासच्याच स्वरांवर पडतात. १९५१ मध्ये लिओ फेंडर यांनी बाजारात आणलेल्या ‘प्रिसिजन बास’मुळे माणसाच्या उंचीच्या डबल बासची ने-आण टळली. बास गिटारमध्ये पोलादी तारेच्या कंपनाने पिकअपमध्ये, म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेल्या वेटोळ्यात, क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो व अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवतो. चार तारांपैकी सर्वांत जाड तारेची वारंवारता, म्हणजे दर सेकंदाची कंपने, सुमारे ४१ हर्ट्झ असते. इतक्या खालच्या स्वरांना मानवी कान फारशी दाद देत नाही, म्हणून बासचा अ‍ॅम्प्लिफायर गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरहून बराच शक्तिशाली आणि, वादकाच्या कंबरेच्या दुर्दैवाने, अनेकदा जडही असतो. खरी पंचाईत सभागृह करते: या स्वराची तरंगलांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास असल्याने भिंतींवरून परतलेल्या लहरी मूळ लहरींत मिसळून स्थिर तरंग तयार होतात, आणि एका टेबलापाशी छातीत घुमणारा स्वर चार पावलांवर जवळजवळ नाहीसा होतो; उघड्या हिरवळीवर भिंतींचा हा उपद्रव नसतो, पण आधारही नसतो. मंचावरून स्वराचे हे चढउतार उमगत नसल्याने जाणते वादक चाचणीच्या वेळी खाली फिरून ऐकतात. वधूवरांच्या वॉल्ट्झमध्ये तीन मात्रांपैकी पहिलीवर एक ठाम स्वर पुरतो, तर कोकणी गाण्यांच्या ‘मसाला’ मालिकेत लय न तोडता एका गाण्यातून दुसऱ्यात शिरावे लागते आणि तेथे नव्या पट्टीची चाहूल बँडला बहुधा बासच देतो.