परसात बसणारी हॅम अँटेना

जागा कमी आहे म्हणून हॅम रेडिओचा नाद सोडू नका! परवाना हातात आला असेल तर परसात उलट्या 'व्ही'च्या आकाराचा डायपोल नक्की बसतो.

सूत्र सोपं आहे. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागलं की तारेची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. १४.२ मेगाहर्ट्झसाठी साधारण १० मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच. मधोमध सहा मीटरचा बांबू उभा करा, दोन्ही तारा उतरत्या बांधा. तारांमधला कोन ९० अंश ठेवला तरी जेमतेम सात मीटर जागा लागते आणि टोकं अडीच मीटर उंचीवर राहतात. कोन त्याहून कमी करू नका. प्रक्षेपणावेळी सर्वात जास्त व्होल्टेज टोकांनाच असतं, म्हणून ती मुलांच्या हाताला लागता कामा नयेत. टोकाला नायलॉनची दोरी बांधा.

तार आधी थोडी लांबच कापा. एसडब्ल्यूआर मीटर बघत दोन्हीकडून सारखी, दोन-दोन सेंटिमीटर कमी करत जा. काटा १.५ च्या खाली उतरला की पुरे. मला तर हे काम प्रत्यक्ष बोलण्याइतकंच आवडतं.

७.१ मेगाहर्ट्झला २० मीटर तार लागते. तेवढी जागा नसेल तर टोकं कुंपणाच्या कडेने वळवा. थोडी कार्यक्षमता जाते, पण संपर्क होतात.

विजेच्या तारांपासून मात्र लांबच राहा. बांबू पडला तरी त्यांना लागणार नाही, इतकं लांब. आणि वळवाचे ढग दिसले की अँटेनाची केबल रेडिओपासून काढून घराबाहेर ठेवा.