उणे दहा अंशांतले अंजीर

एखादी दुर्मीळ गोष्ट सांगायची तर आपण तिला 'उंबराचे फूल' म्हणतो. हा वाक्प्रचार मी पंधरा वर्षे वर्गात शिकवला. पण उंबर, वड, पिंपळ आणि अंजीर ही सारी एकाच गोत्रातली झाडे असून त्यांची फुले फळाच्या पोटातच उमलतात, हे मला न्यू जर्सीत जाऊन एक अंजीर मारल्यावर कळले.

2022 साली सौभाग्यवतींची बदली तिकडे झाली. मी कॉलेजातून तीन वर्षांची बिनपगारी रजा घेतली आणि एडिसन गावी घर सांभाळू लागलो. आमचे मूळ घर सासवडजवळचे. आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, लहानपण अंजिराच्या बागेत गेलेले. एकदा फोनवर त्यांनी विचारले, "अरे, तिकडे अंजीर होतं का?" मी उत्साहाच्या भरात "होतं की!" म्हणून गेलो आणि दुसऱ्या दिवशी 'शिकागो हार्डी' जातीचे गुडघाभर रोप घेऊन आलो. नावातच शिकागो आहे, तेव्हा थंडी त्याचे काय वाकडे करणार, असा माझा हिशेब!

ऑक्टोबरात पाने पिवळी पडून गळू लागली आणि माझा धीर सुटला. कुंडी उचलून दिवाणखान्यात हीटरशेजारी आणली. रोज तांब्याभर पाणी घालू लागलो. डिसेंबरात फिकट, लांबुडकी पालवी फुटली तेव्हा मी घरात पेढे वाटायचा बाकी होतो. फेब्रुवारीत खोड दाबून पाहिले तर मऊ! मुळे पार कुजून गेली होती.

आप्पांना सांगावे लागलेच. ते म्हणाले, "ताण दिला होतास का झाडाला?"

ताण! पुरंदरचा शेतकरी बहार धरण्याआधी पाणी तोडतो, झाडाला पाने गाळू देतो, विसावा देतो. तिकडे तेच काम थंडी करते. पाने गळाली की अंजीर मेलेले नसते, झोपलेले असते. आणि मी त्या झोपलेल्याला रोज भरवत होतो.

शेजारच्या इटालियन आजोबांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांचे वाडवडील सिसिलीतून आलेले. नोव्हेंबरात त्यांनी झाडाच्या फांद्या दोरीने आवळल्या, शेजारी लांब चर खणला, एका बाजूची मुळे तोडली आणि अख्खे झाड चरात आडवे केले. वर पाचोळा, फळ्या आणि माती. खिडकीतून हा दफनविधी पाहून मी चरकलोच होतो. एप्रिलमध्ये त्यांनी ते पुन्हा उभे केले! पारा उणे दहाच्या खाली गेला की अंजिराच्या फांद्या जळतात, पण जमिनीतली मुळे बहुधा तगतात व नवे कोंब येतात. प्रश्न फळांचा. काही फळे गेल्या वर्षीच्या जुन्या फांदीवर लवकर धरतात, बाकीची नव्या फुटीवर उशिरा. नव्या फुटीवर चांगली धरणारी जात असेल तरच फांद्या जळूनही त्या साली फळ मिळण्याची आशा.

मार्च 2023 मध्ये आजोबांनी मला वीतभर लांबीच्या दोन काड्या दिल्या. ओलसर मातीत एकीला मुळे फुटली, दुसरी वाळली. हिवाळ्यात कुंडी गॅरेजमध्ये ठेवली. तिथे पारा शून्य ते सातच्या दरम्यान असे. पाने नसल्यामुळे अंधाराची अडचण नव्हती. पाणी महिन्याकाठी पेलाभर. एप्रिलपासून मात्र दिवसा बाहेर, रात्री आत, अशी त्या कुंडीची ने-आण केली. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आपल्या मुलीलाही तुम्ही एवढं फिरवलं नव्हतं!"

मे 2024 मध्ये आप्पा आले. जूनअखेर त्यांनी पाच-सहा पाने आलेल्या फांद्यांचे शेंडे खुडले. वाढ थांबली की झाड फळाकडे वळते म्हणाले. त्यांना एकच शंका होती, इथे केंबरे कुठून येणार? ही शंका कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनाही पडली होती. स्मर्ना जातीच्या झाडांना फळे टिकेनात, म्हणून 1899 साली तिथे अंजिराची इवली गांधीलमाशी आणून वसवावी लागली. आमच्या साध्या जातीला ती लागत नाही.

जुलैत अकरा फळे धरली. आप्पांचे परतीचे तिकीट 12 ऑक्टोबरचे. ऑगस्ट गेला, फळे हिरवीच. तोडून अढी घालता येत नाही, कारण अंजीर झाडावरच पिकावे लागते. खारींच्या भीतीने प्रत्येक फळाला कापडी पिशवी बांधली. मी रोज पाणी घालत होतो आणि आप्पा रोज पिशव्या उघडून पाहत होते. सप्टेंबरच्या अखेरीस एका फळाने मान टाकली.

आप्पांनी ते तोडले, देठाचा चीक पुसला, दोन भाग केले, एक मला दिला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"अंजीर आहे खरं," ते म्हणाले, "पण पाणी फार झालंय. पिकायला लागलं की हात आखडता घ्यायचा."

त्यांच्यादेखत आणखी तीन पिकली. ते गेल्यावर थंडी पडली आणि उरलेली सात हिरवीच राहिली. नोव्हेंबरात कुंडी गॅरेजमध्ये नेली. त्या रात्री फोन आला.

"पाणी घातलं नाहीस ना?"

"नाही आप्पा," मी म्हणालो आणि हातातला तांब्या खाली ठेवला.