टाकीतला पंप
घरच्या घरी गाडी : लेखांक ९

प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात उन्हाळ्यात खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायची पद्धत होती. पंप इंजिनालाच जोडलेला असायचा. तो तापला की पेट्रोलची वाफ व्हायची, कार्बोरेटरपर्यंत काही पोचायचं नाही आणि गाडी बसायची. पंप बदलायचा तर दोन नट सोडले की तो हातात यायचा.

इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि पंप टाकीत गेला. इंजेक्टरला साधारण ३ बार दाब लागतो. कॅमच्या धक्क्यावर हलणाऱ्या, जुन्या पंपातल्या पडद्याला तो झेपणारा नव्हता. आताचा पंप विजेचा. बोअरमधल्या पाणबुडी मोटरीसारखा तो बुडूनच काम करतो. पेट्रोलच त्याला थंड ठेवतं आणि वंगणही पुरवतं.

मग ही मोटर पेट्रोलमध्ये फिरते, तिच्या ब्रशांशी ठिणग्याही उडतात, तरी टाकी पेट का घेत नाही? हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच ती पेटते. बंद टाकीत वाफ याहून कितीतरी दाट असते, जळायला पुरेशी हवाच नसते. झाकण उघडलं की हवा आत शिरते, वाफ बाहेर येते आणि हे संरक्षण संपतं. पंप बदलण्याच्या आजच्या कामातली बहुतेक पथ्यं यातूनच आली आहेत.

पण आधी पंपच गेलाय का, ते पाहा. सेल्फ फिरतो पण गाडी सुरू होत नाही, चढाला दम तोडते, तापल्यावर बंद पडते, ही लक्षणं पंपाची आहेत, तशी इतर बिघाडांचीही. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घरघर यायला हवी. आली नाही, तर गेल्या आठवड्यात पाहिलेले फ्यूज आणि रिले तपासा. त्यानंतर पंपाच्या कनेक्टरवर त्याच दोन सेकंदांत व्होल्टेज येतं का, ते मल्टिमीटरवर बघा. व्होल्टेज आणि अर्थिंग ठीक असून पंप गप्प असेल, तरच तो दोषी. घरघर आहे पण ताकद नाही, अशा वेळी प्रेशर गेजशिवाय निकाल देऊ नका. तुंबलेला फिल्टरही हेच सोंग आणतो.

काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. त्यामुळे तळघरातलं पार्किंग वर्ज्य. टाकी पाव भरलेली किंवा त्याहून कमी असावी. ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा, अंगात सुती कपडे घाला.

पंप चालू असेल तर त्याचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे नळीतला दाब उतरेल. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पंप मेला असेल, तरी नळीत दाब उरलेला असू शकतो. नळी सोडताना तिच्याभोवती फडकं धरा.

बऱ्याच गाड्यांत मागची सीट उचलली की पंपावरचं झाकण दिसतं. नसेल, तर टाकी खाली उतरवावी लागते. ते काम गॅरेजवर सोडा. झाकणाभोवतीची धूळ आधी साफ करा, नाहीतर ती थेट टाकीत जाईल. कनेक्टर आणि नळ्या सोडा, मोड्यूलची, म्हणजे पंप बसवलेल्या अख्ख्या संचाची, दिशा खुणेने नोंदवा. लॉक रिंग लाकडी ठोकळ्याने ठोकत फिरवा; लोखंडावर लोखंड नको. मोड्यूल तिरकं करत सावकाश वर घ्या. इंधनकाट्याच्या फ्लोटचा दांडा वाकला, तर काटा कायमचा खोटं बोलेल.

मोड्यूल अख्खं बदलणं सोपं. नुसता पंप बदलायचा असेल तर आतली नळी इंधनात बुडून राहण्यासाठीचीच घ्या. साधी रबरी नळी सडते. जाळी आणि वरची सील रिंगही नवीच हवी. जोडणी झाली की काढलेला फ्यूज परत बसवा, बॅटरी लावा, चावी तीन-चारदा ऑन-ऑफ करून दाब भरू द्या आणि कुठे ओल दिसते का ते पाहा. सीट त्यानंतरच बसवा.

हे सगळं पेट्रोल गाडीपुरतं. डिझेलच्या कॉमन रेल पंपाचा दाब हजार बारच्या पुढे जातो. त्याला घरी हात लावू नये.

आणि सीएनजीवाल्यांनो, पेट्रोलचा खर्च वाचला म्हणून टाकी कोरडी ठेवू नका. काही किटमध्ये गाडी गॅसवर असतानाही पेट्रोल पंप फिरत राहतो. बुडायला पेट्रोल नसेल, तर तो तापून जळतो. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवलं, तर आजचा लेख वाचायची वेळ बरीच लांबेल.

पुढच्या आठवड्यात : इंजेक्टर कधी साफ करायचे आणि कधी नाही.