एकच वायर, तीन मशिनी: जोड, स्विच की राउटर?

आजचा प्रश्न आलाय तुमसर तालुक्यातल्या बपेरा गावातून. एका ताईंचा व्हॉइस मेसेज आहे. घरी फायबर पुढच्या खोलीत आहे. मागच्या खोलीत त्या गावातल्या मुलांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात. तिथपर्यंत लॅनची एकच वायर गेलीय, आणि लॅपटॉप, भावाचा कॉम्प्युटर, प्रिंटर अशा तिघांना नेट हवंय. त्यांनी दोन तोंडांचा प्लास्टिकचा जोड आणून लावला. एक मशीन चालू केलं की दुसरं बंद! शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख असली की जीव टांगणीला लागतो.

ताई, वायर चांगली आहे. गडबड त्या जोडाची आहे.

लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. स्वस्तातला जोड त्याच तारा दोन्ही तोंडांना नुसत्या जोडून देतो. विजेच्या बोर्डाला हे चालतं, कारण वीज पंख्याला गेली काय नि बल्बला गेली काय, सारखीच. पण नेटवरचं प्रत्येक पाकीट ठरावीक मशिनीचं असतं. दोन मशिनी त्याच तारांवर बोलायला लागल्या की कुणाचंच धड ऐकू येत नाही.

इथे पाहिजे स्विच. पाच पोर्टचा साधा १०० एमबीपीएसचा स्विच पुरे. राउटरकडून आलेली वायर एका पोर्टला, बाकीच्या चारांना तुमच्या मशिनी. सेटिंग काही नाही. कोणतं मशीन कोणत्या पोर्टवर आहे हे स्विच आपोआप शिकतो आणि ज्याचं पाकीट त्यालाच देतो.

मग राउटर कशाला? तो घरात पत्ते वाटतो. लॅपटॉपला १९२.१६८.१.५, प्रिंटरला १९२.१६८.१.६, असे. बाहेरच्या जगाला मात्र अख्खं घर एकाच पत्त्यावर दिसतं. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी राउटर, मग स्विच. पुढच्या खोलीतल्या फायबरच्या डब्यातच बहुतेक वेळा राउटर असतो.

मागच्या खोलीत मोबाइललाही वायफाय हवं असेल, तर घरात पडलेला जुना राउटर काढा. त्यात ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो लावा. नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता बदला, म्हणजे पुढच्या राउटरशी टक्कर होणार नाही. मग त्याचं डीएचसीपी बंद करा आणि वायर त्याच्या वॅन पोर्टला न लावता लॅन पोर्टला लावा. एका घरात पत्ते वाटणारा एकच बरा.

स्पीड वाढेल का? नाही. बावनथडीच्या कालव्याला आलेलं पाणी तेवढंच, बांध्या वाढल्या म्हणून ते वाढत नाही. पण फॉर्म भरायला, प्रिंट काढायला फार डेटा लागत नाही. खरा खाणारा म्हणजे व्हिडिओ.

तीन गोष्टी सांभाळा. वायरीचा एक तुकडा १०० मीटरच्या आत ठेवा. एकाच वायरीची दोन्ही टोकं चुकूनही एकाच स्विचमध्ये खोचू नका, पाकिटं गोल गोल फिरून सगळं नेटवर्क जाम होतं. आणि शेजारच्या घरापर्यंत तांब्याची वायर उघड्यावरून नेऊ नका. पावसाळ्यात वीज जवळपास पडली तरी दोन्हीकडची मशिनी जळू शकतात. तिथे फायबरच बरी, कारण काचेतून वीज वाहत नाही.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ साली मंजूर झाली, आज तिला भारतनेट म्हणतात. पण गावात आलेलं नेट मागच्या खोलीत पोचवायचं काम आपलंच. आणि ते एका छोट्या स्विचने होतं.

तुमच्या घरातही अशी एखादी वायर अडलीय का? व्हॉइस मेसेज पाठवा. भेटू पुढच्या भागात!