आंबेडाळ कुठे शिजवतो आपण?

गेल्या गुढीपाडव्यापासून मी संध्याकाळपर्यंत न शिजवलेलं खाते. फळं, काकडी, गाजर, कोबी, भिजवलेले शेंगदाणे, ओलं खोबरं. रात्री सगळ्यांबरोबर भाकरी-भाजी. बँकेतली बैठी नोकरी. दुपारी भात खाल्ला की डोळे जड व्हायचे, ते थांबावं एवढाच हेतू होता. पहिल्या दिवशी माझं ताट पाहून सासूबाईंचा घास हातातच राहिला. "अगं, पोटात ऊन घास गेला नाही तर ते जेवण कसलं? बरं नाही का तुला?"

त्यांनी काळजीने विचारलं आणि मी पुस्तकी उत्तर दिलं: एन्झाइम, अन्न ४८ अंशांपलीकडे न तापवण्याची मर्यादा, 'जिवंत अन्न'. आठवलं की अजून वाईट वाटतं, कारण त्यातलं निम्मं मी स्वतःच तपासलं नव्हतं. एन्झाइम म्हणजे प्रथिनंच. अन्नातली बहुतेक जठरातल्या आम्लात मोडतात, आणि पचनाला लागणारी शरीर स्वतः तयार करतं. भाजी उकळली की क जीवनसत्त्व कमी होतं, हे खरं. पण टोमॅटोतलं लायकोपिन शिजवल्यावरच जास्त अंगी लागतं, हेही खरं.

मग चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. सासूबाई आंबेडाळ करत होत्या. हरभऱ्याची डाळ भिजवून, उपसून, जाडसर वाटलेली. तीत किसलेली कैरी, मिरची, मीठ, साखर, खोबरं आणि वर हिंग-मोहरीची फोडणी. मी म्हटलं, "आई, ही डाळ शिजवली कुठे?" त्या थबकल्या. मग स्वतःच आठवू लागल्या: खमंग काकडी, मुळ्याची कोशिंबीर, कच्च्या टोमॅटोची, गाजराची. माहेरचे, दापोलीकडचे दडपे पोहेही त्यांनी धरले. पण पोह्यांचं भात आधी भिजवून भाजतात, असं सांगून त्यांनीच ते वगळले. त्या दुपारी आम्ही पहिल्यांदा या विषयावर भांडलो नाही.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी उणं सांगते. गांधीजींनी १९२९ साली मोडाचे गहू, वाटलेले बदाम, हिरवा पाला, लिंबू, मध असा न शिजवलेला आहार करून पाहिला. अशक्तपणा आला, आमांश झाला आणि प्रयोग सोडावा लागला. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही, म्हणून मी दही-ताक सोडलेलं नाही आणि रक्त तपासून घेते. राजमा कच्चा किंवा अर्धाकच्चा खाल्ला तर विषबाधा होते. तो भिजवून खळखळून उकळलाच पाहिजे. मोडांच्या दमट उबेत जंतूही वाढतात, त्यामुळे मटकी मी वाफवूनच घेते.

माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला सगळंच कच्चं खायचं होतं. तिला मी तसं करू दिलं नाही. जर्मनीत गीसेन इथल्या संशोधकांनी दीर्घकाळ कच्चं खाणाऱ्यांची पाहणी केली होती, ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. पंचेचाळिशीच्या आतल्या सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झालेली किंवा बंद पडलेली होती. एवढ्या कच्च्या अन्नातून पुरेसे उष्मांक मिळवणं अवघड असतं आणि वजन उतरत जातं. लेक रुसली, पण ऐकलं तिने.

हल्ली भाजी चिरताना सासूबाई कोबीचा कोवळा गाभा माझ्यासाठी बाजूला काढतात. रात्री तव्यावरची पहिली भाकरी मात्र त्या माझ्याच ताटात टाकतात, पापुद्रा फुगलेला असतानाच.