वाढपाचं काम आणि वेदीची सेवा

येरुशलेममधल्या पहिल्यावहिल्या ख्रिस्ती मंडळीत कुरबुर सुरू झाली ती वाढपावरून. गरजूंना रोज अन्न वाटलं जाई, त्यात आमच्या विधवांना डावललं जातं, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सहाव्या अध्यायात ही हकिगत येते. प्रार्थना आणि वचनाची सेवा सोडून पंगतीकडे बघत बसणं आम्हाला जमणार नाही, असं बारा प्रेषितांनी सांगितलं आणि चांगल्या नावाची सात माणसं निवडायला लावली. सातांची नावं बघितली तर सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती वाढप! प्रेषितांची व्यवहारबुद्धी इथे दिसते.

त्या सातांना तिथे ‘डीकन’ (म्हणजे सेवक) म्हटलेलं नाही, पण परंपरा त्यांनाच पहिले डीकन मानते. गंमत म्हणजे प्रार्थना एकीकडे आणि वाढप दुसरीकडे, ही वाटणी फार टिकली नाही. सातांपैकी स्तेफन लगेच प्रवचनं करू लागला आणि दगडांखाली मारला गेला. फिलिप्प शोमरोनात शुभवर्तमान सांगत फिरला. डीकनच्या वाट्याला तेव्हापासून दोन्ही कामं आली.

रोममध्ये या कामाचा पसारा केवढा झाला होता, त्याचा आकडाच उपलब्ध आहे. साधारण २५१ साली पोप कॉर्नेलियस यांनी लिहिलेल्या पत्रात रोमच्या मंडळीची मोजदाद आहे: ४६ धर्मगुरू, ७ डीकन आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या १५००हून जास्त विधवा व गरजू माणसं. शहर कितीही वाढलं तरी डीकन सातच, कारण येरुशलेममध्ये सात होते. पण पैसा, धान्य, मदतीच्या याद्या हे सगळं या सातांच्या देखरेखीखाली असे.

त्यातलाच एक लॉरेन्स. २५८ सालच्या ऑगस्टमध्ये सम्राट व्हॅलेरियनच्या छळात पोप सिक्स्टस दुसरे आणि त्यांचे डीकन मारले गेले. चार दिवसांनी, १० ऑगस्टला, लॉरेन्सचीही पाळी आली. अधिकाऱ्यानं चर्चचा खजिना मागितला तेव्हा त्यानं शहरातले भिकारी, पांगळे, आंधळे गोळा करून समोर उभे केले, अशी आख्यायिका आहे. त्याला लोखंडी जाळीवर भाजून मारलं, हाही आख्यायिकेचाच भाग. त्यावरून पुढे तो स्वयंपाक्यांचा आश्रयदाता संत झाला; भक्तांच्या विनोदबुद्धीचं कौतुक करावं तेवढं थोडं.

तिजोरी हाती आली की तोराही येतो. ३२५ साली निकिया इथे भरलेल्या धर्मपरिषदेला डीकनांनी पायरी ओळखून वागावं, असा खास नियम करावा लागला. पुढे पश्चिमेकडे या पदाचं वजन ओसरत गेलं. मध्ययुगात डीकनपण ही धर्मगुरू होण्याआधीची एक पायरी उरली. पोटापाण्याची सेवा मठांकडे आणि इस्पितळांकडे गेली आणि डीकनकडे राहिले विधी. माझ्या मते पदाचा कस गेला तो इथेच.

तो परत आणण्याचा विचार एका भयंकर जागी झाला. नाझींच्या दाखाऊ छळछावणीत अडीच हजारांहून अधिक ख्रिस्ती धर्मसेवक डांबलेले होते. युद्धानंतरचं चर्च कसं असावं यावर त्यांच्यात चर्चा होई. लग्न झालेल्या, संसारी माणसांनाही डीकनपद द्यावं, ही कल्पना तिथे बोलली गेली आणि सुटून आलेल्यांनी पुढे ती लिहून मांडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ साली तिला मान्यता दिली, १९६७ साली पोप पॉल सहावे यांनी नियम घालून दिले.

या नियमांतली ठेवण पाहण्यासारखी आहे. विवाहित उमेदवाराचं वय किमान ३५ हवं आणि पत्नीची संमती हवीच. नोकरीधंद्यातून पैसा मिळत असेल तर संसार त्याच कमाईवर चालवायचा. बाप्तिस्मा देणं, लग्न लावणं, अंत्यविधी करणं, प्रवचन देणं हे सगळं त्याला करता येतं; मिस्सा अर्पण करणं आणि पापनिवेदन ऐकणं मात्र धर्मगुरूचंच काम. मुंबई महाधर्मप्रांतातही असे संसारी डीकन आहेत. सकाळ-संध्याकाळच्या नेमाच्या प्रार्थना पाळायच्या आणि मधल्या वेळात ऑफिस गाठायचं.

मिस्सात त्याच्याकडे कोणती कामं येतात, तेही बघावं. डाव्या खांद्यावरून तिरपा पट्टा घेतलेला हा माणूस वेदी मांडतो, द्राक्षारसात पाण्याचे थेंब घालतो, ख्रिस्तप्रसाद वाटून झाला की प्याला धुऊन पुसून ठेवतो. आजाऱ्यांसाठी, उपाशी माणसांसाठी मंडळीनं काय मागायचं, ते तोच पुकारतो. घरोघर जाणाऱ्याला कुणाचं काय दुखतंय ते ठाऊक असतं, म्हणून हे काम त्याच्याकडे शोभतं. शेवटी लोकांना ‘आता जा’ असं सांगणाराही तोच.

बायकांचं काय? किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी हिची शिफारस पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्रात केलेली आहे. कॅथलिक चर्चमध्ये स्त्रियांच्या डीकनपदाचा अभ्यास करायला पोप फ्रान्सिस यांनी २०१६ आणि २०२० साली आयोग नेमले. जर्मनीतल्या प्रोटेस्टंटांनी मात्र १८३६ सालीच वेगळी वाट काढली होती. थिओडोर फ्लीडनर या पास्टरनं ऱ्हाइनकाठच्या कायझर्सवर्थमध्ये डीकनेस भगिनींची संस्था काढली, तिथे प्रार्थनेबरोबर रुग्णसेवाही शिकवली जाई. १८५१ साली काही महिने तिथे शिकायला राहिलेल्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या.